पूर 2005 पासूनचा नाही हो

‘कुरुंदवाड परिसराला पूर माहीत झाला तो 2005 पासून’ हे तुमच्या पुरावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. शेजारच्या नृसिंहवाडीत दक्षिणद्वार सोहळा काय कालपासून होतोय? कृष्णेचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की लोक अंघोळीला गर्दी करतात. आमच्याकडं पूर म्हणजे पावसाळ्यातला पाहुणाच, येणार आणि चार दिवसांत जाणार. बदललं ते त्याचं मुक्कामाला बसणं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी; 2019 ला आणि परत 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. त्यात इथं पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला फूग येते, म्हणजे तिचं पाणी मागं तुंबतं, मग कोल्हापुरात उतार पडला तरी आमच्या गल्लीत पाणी हलत नाही.

आणि नुकसान फक्त पाणी असेपर्यंत मोजू नका. 2019 ला आमची मातीची मागची भिंत पुरात उभी होती, पाणी ओसरल्यावर ऊन पडलं आणि दुपारी बसली. उसाचंही तेच. शेंडा पाण्याखाली गेला की पानांच्या सुरळीच्या आत गाळ बसतो, वरून हिरवा दिसतो आणि आतून कुजलेला निघतो. पंचनामेवाले नेमके त्याआधी येऊन गेलेले असतात. लेखात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर दोन परिच्छेद आहेत, या मागाहूनच्या नुकसानीवर दोन ओळी तरी हव्या होत्या.