जुनी गाडी लीजवर घेताना सवलत देतंय कोण?

पुण्यातल्या माझ्या मावसभावाच्या मित्रमंडळीत सध्या एकच वाद चालू आहे. तीन वर्षं वापरलेली गाडी नोकरीतल्या कंपनीमार्फत लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी महिन्याच्या भाड्याने, घ्यावी, की कर्ज काढून तीच सरळ विकत घ्यावी? लीजच्या बाजूचे लोक दर वेळी अमेरिकेचा दाखला देतात. तिकडे शहाणी माणसं गाडी विकत घेतच नाहीत, तीन वर्षं वापरतात आणि परत करतात, वगैरे. मी न्यू जर्सीत राहते. हा दाखला नव्या गाड्यांपुरता बऱ्यापैकी खरा आहे. जुन्या गाडीला तो लागू करणं मला धोक्याचं वाटतं.

इथे नव्या गाडीची लीज स्वस्त पडते, कारण तिसऱ्याच कुणाचा तरी पैसा त्यात असतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीला गाड्या खपवायच्या असतात, म्हणून ती लीजवरचं व्याज पाडते आणि मुदत संपल्यावर गाडीची किंमत किती उरेल याचा आकडा मुद्दाम चढा धरते. मग आपल्याला भरायचा घसारा, म्हणजे वापराच्या काळात उतरणारी किंमत, कमी होतो. कधी सरकारही भर घालतं. २०२२च्या कायद्यानंतर नव्या इलेक्ट्रिक गाडीवर लीज देणाऱ्या संस्थेला ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत मिळायची आणि बऱ्याचदा ती हप्त्यातून ग्राहकापर्यंत पोचायची. ३० सप्टेंबर २०२५ नंतर ती बंद झाली. जुन्या गाडीच्या लीजला यातलं सहसा काहीच मिळत नाही. जुनी गाडी खपवण्यासाठी पदराला खार लावून घ्यायला कोणी बसलेलं नसतं.

आकडे मांडून बघू. समजा, तीन वर्षं जुनी सेडान २२,००० डॉलरची आहे आणि आणखी दोन वर्षांनी ती १५,५०० ची राहील असं धरलं आहे. साडेसहा हजारांचा घसारा चोवीस महिन्यांत वाटला की महिन्याला २७१ डॉलर. त्यावर लीजचं व्याज, ते इथे ‘मनी फॅक्टर’ नावाच्या बारीक दशांशात सांगतात. तो ०.००३५ असेल, तर २२,००० अधिक १५,५०० या बेरजेला त्याने गुणायचं, म्हणजे १३१ डॉलर. एकूण हप्ता झाला ४०२. हाच दशांश २४०० ने गुणला की वार्षिक दर कळतो: ८.४ टक्के. १९७६च्या ग्राहक लीज कायद्यानुसार या व्याजापोटी एकूण किती डॉलर आकारले हे करारात लिहावंच लागतं, पण टक्केवारी लिहिण्याची सक्ती नाही. त्यामुळे हा गुणाकार ग्राहकाने स्वतःच करायचा.

आता तीच गाडी त्याच दराने पाच वर्षांच्या कर्जावर घेतली, तर हप्ता बसतो ४५० डॉलर. शोरूममधला माणूस या ४८ डॉलरच्या फरकाकडे बोट दाखवतो. दोन वर्षांत लीजवाल्याचे साधारण ११५० डॉलर वाचतात, हे खरंच आहे. पण त्या दिवशी कर्जवाल्याच्या दारात १५,५०० ची गाडी उभी असते आणि डोक्यावर कर्ज असतं १४,३०० च्या आसपास. म्हणजे १२०० डॉलर त्याचे स्वतःचे. दोघे जवळजवळ बरोबरीत. मग लीजवाल्याचं नुकसान होतं कुठे? लीज सुरू करण्याचं शुल्क, गाडी परत करण्याचं शुल्क, ओरखड्यांचा हिशेब. शिवाय कर्जासाठी चार क्रेडिट युनियन (इथल्या पतसंस्था) फिरून दर पाडून घेता येतो, लीजमध्ये तेवढी मोकळीक नसते. आणि जपानी गाडी नीट ठेवली तर कर्ज फिटल्यावरही अनेक वर्षं चालते, ती हप्त्याविनाची वर्षं तर लीजच्या हिशेबात येतच नाहीत.

लीजमध्ये मैलांचं बंधन वेगळंच. वर्षाला १२,००० मैल ही नेहमीची अट. घरापासून ऑफिस तीस मैलांवर असेल आणि वर्षाला अडीचशे दिवस जायचं असेल, तर नुसत्या कामाच्या खेपा १५,००० मैल होतात. अटीवरच्या दर मैलाला वीस सेंट भरावे लागतील असं धरलं तरी वर्षाला सहाशे डॉलर. आणि बऱ्याच गाड्यांची मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा ३६,००० मैलांनी संपते. म्हणजे तीन वर्षं जुनी गाडी लीजवर घेतली की दुरुस्ती आपली आणि गाडी दुसऱ्याची.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींची. इथली क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे कर्जफेडीची नोंद, नाही, म्हणून चढा दर मिळतो आणि ‘परत करून टाका’ हा शब्द सोपा वाटतो. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. त्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर बहुधा सामान आवरायचं. स्वतःची गाडी असेल तर त्या आठवड्यांत ती विकून कर्ज मिटवता येतं. लीज मध्येच मोडायची तर उरलेल्या घसाऱ्याचा मोठा भाग एकदम भरावा लागू शकतो. हा धोका मासिक हप्त्यात कुठेच दिसत नाही.

लीजचा एक खरा फायदा मला मान्य आहे: किंमत अचानक कोसळली तर फटका गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज देणाऱ्या संस्थेला, बसतो. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झने सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या आणि घसाऱ्यापोटी २४.५ कोटी डॉलरचा बोजा हिशेबात घेतला. एवढी मोठी भाड्याच्या गाड्यांची कंपनी जिथे अंदाजात चुकते, तिथे जुनी इलेक्ट्रिक गाडी दोन वर्षांच्या लीजवर घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पुण्याचा हिशेब वेगळा आहे, कारण तिथे तिसऱ्याचा पैसा प्राप्तिकरातून येतो. नोकरी देणारी कंपनी लीज घेते, भाडं करपात्र पगारातून वजा होतं आणि १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीसाठी वर्षानुवर्षं त्या सोयीपोटी महिना १,८०० रुपयेच उत्पन्नात मिळवले जात आले. त्या हिशेबाने कराच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला महिना २५,००० भाड्यावर सात हजारांच्या आसपास कर वाचतो. हे पैसे खरे आहेत. पण गाडीची किंमत कधीची धरली आहे? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस (उपकर) यावरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी उतरली की जुनीचा भावही उतरतो. भाडं त्याआधीच्या भावावर काढलं असेल, तर वाचलेला कर लीज कंपनीच्या खिशात गेला.

म्हणून भावाला सांगितलं की भाडं आजच्या बाजारभावावर काढून घे, हिंजवडीतली ही नोकरी सोडली किंवा गेली तर गाडीचं आणि उरलेल्या भाड्याचं काय होणार ते लेखी घे, आणि सध्याचा करनियम सीएला विचारून मगच सही कर. त्याचा एक मित्र मात्र कंपनीची सोय नसताना ॲपवरून जुनी गाडी महिन्याच्या भाड्याने घ्यायला निघाला आहे. त्यात ना गाडीकंपनीचा पैसा, ना कराचा. त्याने पाच-सहा वर्षं जुनी वॅगन आर ओळखीच्या मेकॅनिकला दाखवून विकत घ्यावी आणि आरटीओत लगेच नावावर करून घ्यावी. थोडं कर्ज काढावं लागलं तरी चालेल.