व्याजस्तुती कुठे गेली?

अलंकारांवरचा तुमचा लेख बराय, पण उपमा रूपक अनुप्रास एवढ्यावरच गाडी थांबवलीत आणि व्याजस्तुतीला, म्हणजे स्तुतीच्या आडून केलेल्या निंदेला, साधी एक ओळ नाही, आमच्या मालवणात तर तिच्याशिवाय पान हलत नाही. मासळी बाजारात सुरमई अर्ध्या भावात मागून बघा, लगेच ऐकू येईल "तुमच्यासारख्या हुशार गिरायक अख्ख्या बाजारात नाय हां!" वरून स्तुती, आतून सालटी काढलेली. दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, तर संवाद लिहिलेलेच नसतात, नट आयत्या वेळी बोलतात, तरी शंकासुर या विनोदी राक्षसाच्या मालवणी कोट्यांत श्लेष (एकाच शब्दाचे दोन अर्थ) कसला जमतो (पुस्तकवाल्यांनी एकदा जत्रेत बसावं). आणि हो, "समुद्र जणू चांदीचा पत्रा" हे उपमेत टाकलंय, ती उत्प्रेक्षा आहे (एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना), तेवढं दुरुस्त करा.