फ्लॅनन बेटावरचं ते अर्धवट जेवण

एक गोष्ट कित्येक वर्षं फिरते आहे. डिसेंबर १९००. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, फ्लॅनन बेटांपैकी आयलन मोर या बेटावरच्या दीपगृहातले तिन्ही रखवालदार नाहीसे झाले. टेबलावर अर्धवट जेवण, उलटी पडलेली खुर्ची, लॉगबुकात भेदरलेल्या नोंदी: कधी न पाहिलेलं वादळ, रडणारी माणसं, प्रार्थना, आणि शेवटी एकदम शांत समुद्र. म्हणजे तिथे काहीतरी अमानवी होतं, असा निष्कर्ष.

जेम्स ड्युकॅट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकार्थर हे तिघं परत दिसले नाहीत, एवढं खरं. भुताटकीचं सामान मात्र सगळं मागाहून आणलेलं आहे.

आधी जेवण. 'हेस्परस' ही बोट २० डिसेंबरला बेटावर जायची होती, खराब हवेमुळे ती २६ तारखेला पोहोचली. बदलीवर आलेला जोसेफ मूर एकटाच आत गेला. चूल थंड, घड्याळ बंद, अंथरुणं विस्कटलेली. पण स्वयंपाकाची भांडी स्वच्छ होती, आणि त्यावरूनच त्याने ताडलं की माणसं जेवण उरकून बाहेर पडली असावीत. न खाल्लेलं अन्न आणि उलटी खुर्ची आली ती विल्फ्रिड गिब्सन यांच्या १९१२ सालच्या कवितेतून. कवीला ती मुभा असते, पण कवितेतली खुर्ची पुरावा म्हणून कशी चालेल?

लॉगबुकाचा मुद्दा मला जास्त खटकतो. मार्शलच्या नावावरच्या त्या रडारडीच्या नोंदी पहिल्यांदा १९२९ साली एका अमेरिकी मासिकात छापून आल्या; घटनेनंतर २९ वर्षांनी. मुळात लॉगबुक हे सरकारी दप्तर, वरिष्ठ तपासणार हे माहीत असलेलं. त्यात हाताखालचा मार्शल आपल्या प्रमुखाच्या, म्हणजे ड्युकॅटच्या, मनःस्थितीबद्दल लिहीत बसेल, हेच पटत नाही. खऱ्या नोंदी अगदी रुक्ष आहेत. वहीत १३ तारखेपर्यंतचं लिहिलेलं होतं, पुढचं पाटीवर होतं, वहीत उतरवायचं राहिलेलं. शेवटची नोंद १५ डिसेंबर, सकाळी ९ची: हवेचा दाब, तापमान, वारा. दिवा पुसलेला, तेल भरलेलं. सकाळचं काम नेमाने झालेलं होतं. त्याच रात्री जवळून गेलेल्या 'आर्क्टर' जहाजाला मात्र दिवा दिसला नाही.

आता शांत समुद्र. दीपगृह मंडळाचे अधीक्षक रॉबर्ट म्युअरहेड २९ डिसेंबरला बेटावर उतरले आणि पश्चिमेच्या धक्क्यावर गेले. दोर ठेवायची पेटी समुद्रापासून ११० फूट उंचीवर, कपारीत बसवलेली. ती फुटून दोर खडकांवर विखुरले होते. लोखंडी कठडे वाकलेले, टनाहून जड धोंडा जागचा हललेला. २०० फुटांवर, कड्याच्या माथ्यावरची हिरवळसुद्धा सोलून निघाली होती. स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास बसणार नाही, असं त्यांनी अहवालात नोंदवलं. ज्या समुद्राने हे केलं, त्याला आणखी भुताची काय गरज?

वाऱ्याने उडवलं असेल का, याचाही त्यांनी विचार केला आणि तो सोडून दिला. वारा पश्चिमेचा होता. त्याने माणसं समुद्राकडे नव्हे, बेटाच्या वरच्या अंगाला ढकलली असती. त्यांचा निष्कर्ष असा: १५ तारखेच्या दुपारी तिघं पेटी आणि दोर नीट बांधायला खाली गेले, अनपेक्षित मोठी लाट त्यांच्याही वर चढली आणि परतताना त्यांना घेऊन गेली.

एक प्रश्न राहतो, आणि तो गोष्टीतल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा खरा आहे. ड्युकॅट आणि मार्शल यांचे पावसाळी कोट आणि समुद्री बूट जागेवर नव्हते. ते धक्क्यावर जातानाच घालायचे. मॅकार्थरचा कोट मात्र खुंटीवरच होता. डिसेंबरच्या थंडीत माणूस नुसत्या सदऱ्यावर बाहेर का पडेल? मला वाटतं, खालच्या दोघांच्या मदतीला किंवा त्यांना सावध करायला तो धावला. सिद्ध करता येणार नाही, पण समोरच्या खुणांशी हे जुळतं.

आणि हा मॅकार्थर तिथला कायमचा माणूसही नव्हता. आजारी सहकाऱ्याच्या जागी आलेला. मागे बायको आणि दोन मुलं राहिली. ड्युकॅटची बायको आणि चार मुलं. ७ डिसेंबरला म्युअरहेड बेटावर येऊन गेले होते. तिघांशी शेवटचं हस्तांदोलन करणारा माणूस आपणच, ही आठवण त्यांनी त्याच अहवालात लिहून ठेवली आहे.