मुंबईत जन्मलेले डोरन्स
अमेरिकेतले महिला फुटबॉल प्रशिक्षक अँसन डोरन्स यांच्यावरचा लेख वाचला. त्यांच्या २२ राष्ट्रीय विजेतेपदांचा हिशेब त्यात नीट आला आहे, पण ती मिळाली कशी हे वाचायला जास्त आवडलं असतं. १९७९ ते २०२४, तब्बल ४५ वर्षं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा महिला फुटबॉल संघ त्यांच्याकडे होता. (जन्म १९५१ चा, आपल्या मुंबईतला!) सरावातल्या प्रत्येक चढाओढीची नोंद व्हायची. समोरासमोरची झुंज कोणी जिंकली, धावण्यात कोण पुढे, सगळं लिहून ठेवायचं आणि क्रमवारी सर्वांना दिसेल अशी लावायची. हे त्यांनी तिथल्याच बास्केटबॉलचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्याकडून उचललं. जिवलग मैत्रीण समोर असली तरी जीव तोडून खेळा, असं मुलींना त्या काळात ठणकावून सांगणं मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेची गाजलेली फुटबॉलपटू मिया हॅम याच तालमीत घडली. १९९१ चा पहिला महिला विश्वचषकही अमेरिकेने त्यांच्याच हाताखाली जिंकला. मात्र १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करत खटला भरला होता. त्यांचे दावे पुढे तडजोडीने मिटले. एवढ्या मोठ्या लेखात त्याबद्दल एक ओळही नसावी, हे मला खटकलं.