आरपीजीमधून 'आरपी' काढण्याची सोपी रीत

गाजलेली आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका जगायचा व्हिडिओ गेम) मालिका हाती आली आहे आणि पुढचा भाग सगळ्या जगाला विकायचाय? मग आधी कात्री काढा. सुरुवात स्किल्सपासून. 'एल्डर स्क्रोल्स' या मालिकेचंच बघा: मॉरोविंडमध्ये (२००२) २७, ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) २१, स्कायरिममध्ये (२०११) १८, ताकद, बुद्धी वगैरे आठ मूळ गुण तर तिथे साफच गेले. भाला काढून टाका. आखूड आणि लांब पाती एकाच खात्यात घाला. कुऱ्हाड कुठे बसवायची सुचत नसेल, तर ऑब्लिव्हियनसारखी ती गदेशेजारी 'बोथट' हत्यारांत टाका. धार तपासायला कोण येतंय!

मग सगळं जग खेळाडूच्या लेव्हलला बांधा. तो वाढला की शत्रूही वाढला पाहिजे, म्हणजे कुठेही गेला तरी मार खाऊन परत येणार नाही. आता वरच्या लेव्हलला ऑब्लिव्हियनचे वाटमारे महागडं काचेचं चिलखत घालून रस्ता अडवतात आणि मागतात शंभर नाणी, तो भाग वेगळा. शिवाय ज्याने गोड बोलणं आणि घासाघीस हीच मुख्य स्किल्स धरून लेव्हल चढवली, त्याचे हाल विचारू नका. ताकद शत्रूची वाढली, याच्या मनगटातली नाही.

कथेतली महत्त्वाची पात्रं अमर करा. मॉरोविंड तुम्हाला ती खुशाल मारू द्यायचा आणि मग कळवायचा की भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह काढा नाहीतर या बुडालेल्या जगातच राहा. एवढा मनस्ताप कशाला? पात्र गुडघ्यावर बसेल, दम खाईल, उठेल.

संवाद? कंट्रोलरला चार बटणं, म्हणून फॉलआउट ४ या गेमसारखे (२०१५) चार पर्याय. 'नाही'चा अर्थ बहुतेक वेळा 'आत्ता नाही'. पहिल्या फॉलआउटमध्ये (१९९७) बुद्धी कमी ठेवली तर पात्राला धड वाक्य जुळवता यायचं नाही. असले लाड परवडत नाहीत.

कुणीतरी बाल्डर्स गेट ३ (२०२३) हा गेम पुढे करील. वीस बाजूंचा फासा पडद्यावर गडगडतो, बोलण्यातही तोंडघशी पडता येतं, तरी धो धो विकला गेला. त्याला 'अपवाद' म्हणा आणि पुढची स्लाइड लावा.

त्या स्लाइडवर वाट दाखवणारा बाण असू द्या. मॉरोविंडमध्ये लोक तोंडी पत्ता सांगायचे, की पूल ओलांडा, नदीकाठाने उत्तरेला चला, खडकापाशी वळा. कधी कधी तो चुकीचाही निघायचा. आता कंपासवर खूण उमटते आणि खेळाडू नाकासमोर चालत सुटतो. जुने खेळाडू कुरकुरतील. त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये बाण बंद करायची सोय ठेवा. बाण बंद केल्यावर गावकरी म्हणेल, "माझी तलवार शोधून आणा." कुठून, हे विचारायचा पर्याय कुणी लिहिलेलाच नाही, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग कधीच उरकलंय.