मेणबत्तीखाली चढलेलं पाणी ऑक्सिजन मोजत नाही

‘विज्ञानाच्या तासाला करून घ्या : द्रवांचे ५ सोपे प्रयोग’ हा मेसेज बरेच दिवस शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. मी दोनदा पाहून सोडून दिला होता. परवा भाचीची प्रयोगवही हातात आली. तिने पट्टी लावून मोजलेला १.४ सेंटीमीटर हा आकडा लाल शाईने खोडून वर २.४ लिहिलं होतं. का, तर बरणी १२ सेंटीमीटरची आणि मेसेजात ‘पाणी बरोबर एक पंचमांश चढते’ असं आहे. आता गप्प बसवत नाही.

तर मुद्दा पहिला. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडी बरणी. मेसेज म्हणतो : मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवते, त्याची रिकामी जागा पाणी घेतं आणि हवेत २१ टक्के ऑक्सिजन असल्याचं सिद्ध होतं.

यातलं काहीच सिद्ध होत नाही. मुळात सगळा ऑक्सिजन संपतच नाही. बंद हवेत ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. बर्क आणि लॉसन या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी १९९९ साली ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये याच गैरसमजावर लेख लिहिला. त्यांनी बंद भांड्यात मेणबत्तीसोबत एक उंदीर ठेवला. मेणबत्ती विझली, उंदीर मात्र आत फिरतच होता. ऑक्सिजन संपला असता तर तो कशावर जगला?

दुसरं, जळताना ऑक्सिजन नुसता नाहीसा होत नाही, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. २५ कार्बन असलेला मेणाचा एक रेणू पूर्ण जळताना ऑक्सिजनचे ३८ रेणू घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ परत देतो. पाण्याची वाफही होते, पण गार काचेवर तिचं पुन्हा पाणी होतं. म्हणजे शंभर भाग हवेतले पाच भाग ऑक्सिजन गेला, तर सव्वातीन भाग दुसरा वायू आला. एवढं मान्य करतो : ज्वलनामुळे आतला वायू थोडा घटतो. पण ती घट पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, वीस नव्हे.

मग पाणी चढतं कशाने? बरणी ज्योतीवर येते तेव्हा आतली हवा तापून फुगलेली असते. काठाशी डोळे नेऊन बघा, सुरुवातीला तिथून बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा गार होते, आक्रसते, आतला दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणून पाणी मेणबत्ती जळत असताना सावकाश चढत नाही, विझता विझता झपकन चढतं. हवा सरासरी १०० अंशांवरून ३० अंशांवर आली तर आकारमान साधारण १९ टक्क्यांनी घटतं. कधीकधी एक पंचमांशाचा मेळ बसतो तो असा, योगायोगाने.

आणि हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. आम्ही त्याच बरणीखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी ३.३ सेंटीमीटर चढलं. बरणीतला ऑक्सिजन तेवढाच होता, मेणबत्त्या तिप्पट केल्याने तो वाढत नाही. वाढली ती उष्णता.

बाकीचे मुद्दे भरभर घेतो. ‘मिठाने पाणी घट्ट होते म्हणून अंडे तरंगते.’ घट्टपणाचा इथे संबंध नाही, घनतेचा आहे. तेल पाण्यापेक्षा घट्ट असतं, तरी पाण्यावर तरंगतं. श्यानता (म्हणजे घट्टपणा, द्रव किती सावकाश वाहतो ते) आणि घनता (तेवढ्याच आकारमानात किती वजन मावतं ते) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हाच तर त्या तासाचा विषय असायला हवा. ‘सुई हलकी म्हणून पाण्यावर राहते.’ पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट घन असतं. सुईला पृष्ठताण तोलून धरतो. साबणाचा एक थेंब सोडा, सुई तळाला जाते. उपड्या ग्लासाला कागद हवेच्या दाबामुळे चिकटून राहतो हे मेसेजात बरोबर आहे, पण ‘ग्लास काठोकाठ भरलेलाच हवा’ हे चूक. अर्ध्या ग्लासानेही जमतं : कागद किंचित फुगतो, आतली हवा विरळ होते, दाब उतरतो, तेवढं पुरतं.

पाचवा मुद्दा मात्र वाचून हात थरथरले. ‘परिणाम जास्त हवा असल्यास मेणबत्तीऐवजी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस पेटवावा.’ स्पिरिटची ज्योत उजेडात धड दिसत नाही. विझली असं वाटून मूल वर आणखी स्पिरिट ओततं आणि भडका बाटलीपर्यंत पोचतो. दाटीने उभ्या असलेल्या चाळीस मुलांमध्ये हे करायला सांगणारी ओळ एक दिवसही पुढे जाता कामा नये. तुमच्या ग्रुपवर हा मेसेज असेल तर निदान ती ओळ आज काढायला लावा.

खोडलेल्या ओळीखाली भाचीने पुन्हा लिहिलंय : एक मेणबत्ती, १.४. तीन मेणबत्त्या, ३.३. सोमवारी ती वही बाईंना दाखवणार आहे, आणि बरणी सोबत नेणार आहे.