गेन फुल केल्याने ॲम्प्लिफायरची ताकद वाढत नाही

नवरात्र जवळ आली की बडोद्यात गाडीच्या डिकीत सबवूफर बसवून घेण्याची घाई सुरू होते आणि त्यासोबत एक मेसेजही फिरू लागतो. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत आपल्या मराठी मुलांच्या फोनवर तो येतो: ‘ॲम्प्लिफायरचा गेन फुल ठेवा, आवाज स्टिरिओवरून कमी-जास्त करा, तरच पूर्ण वॅट मिळतात. स्पीकर जळतात ते कमी पॉवरमुळे. फ्यूज उडत असेल तर मोठा टाका.’ यातले एकही खरे धरू नका. शेवटचे तर जिवावर बेतणारे आहे.

गेन हा आवाजाचा नॉब नव्हे. कुठल्या स्टिरिओचा प्रीआउट, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे सिग्नल पाठवणारे आउटपुट, 2 व्होल्टचा असतो, कुठल्याचा 4 व्होल्टचा. त्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरचा मेळ बसावा म्हणून गेन दिलेला असतो. तो पूर्ण फिरवला की 0.2 व्होल्टसारख्या क्षीण सिग्नललाच ॲम्प्लिफायर सगळी ताकद लावतो. ताकद मात्र तेवढीच राहते, कारण ती ठरते त्याच्या पॉवर सप्लायवर आणि जोडलेल्या स्पीकरच्या ओहमवर, म्हणजे त्याच्या विद्युत रोधावर. स्टिरिओचा आवाज थोडा चढवताच ॲम्प्लिफायर टोकाला पोचतो, आणि त्यापुढे लहरींचे माथे सपाट कापले जातात. हेच क्लिपिंग. मागची सूंऽऽ आणि आल्टरनेटरची शिट्टी वाढते ती वेगळीच.

‘माझ्या गाडीत फुलच आहे, काही झाले नाही,’ असे सांगणारे भेटतात. ते स्टिरिओ हळू ठेवतात म्हणून निभावते. गाडीत चार मित्र बसले आणि कोणी आवाज चढवला, की स्पीकरमधली तारेची कॉइल जळल्याचा वास येतो.

कमी पॉवरने स्पीकर जळतो, हेही तसेच. 100 वॅटचा स्पीकर 20 वॅटच्या स्वच्छ सिग्नलवर वर्षानुवर्षे वाजतो. छोट्या ॲम्प्लिफायरला रेटून क्लिप केले तर स्पीकर जळू शकतो, एवढे यात तथ्य आहे. पण तिथे जाळते ती जास्तीची पॉवर: कापून पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोलसर साइन लहरीच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओतते.

मग गेन लावायचा कसा? इक्वलायझर, लाउडनेस, बास बूस्ट सगळे बंद करा. गेन शून्यावर आणा, स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरवरून काढा. स्टिरिओचा आवाज पाऊण करून 0 डेसिबलवर रेकॉर्ड केलेला टोन लावा, सबवूफरसाठी 50 हर्ट्‌झ, दारातल्या स्पीकरसाठी 1000. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर धरा. किती व्होल्ट हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ. 300 वॅट आणि 4 ओहम असतील तर 1200 चे वर्गमूळ, म्हणजे 34.6 व्होल्ट. तिथवर गेन सावकाश चढवा आणि थांबा. वॅट धरायचे ते आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारे, आणि ॲम्प्लिफायर व स्पीकर यांतले जे कमी ते. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले ‘मॅक्स’ वॅट विसरा. मल्टीमीटर क्लिपिंग दाखवत नाही, म्हणून लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप असलेला फिटर मिळाला तर उत्तमच. आणि हे सगळे झाल्यावर बास बूस्ट 6 डेसिबलने चढवू नका. त्या पट्ट्यात चौपट पॉवर मागितली जाते आणि मेहनत पाण्यात जाते.

आता फ्यूज. बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत बसवलेला फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. त्याचा आकडा तारेच्या जाडीवर ठरतो, आवाजाच्या हौसेवर नाही. मोठा फ्यूज टाकला की तो उडायच्या आधी तार तापते, आणि ती तार कार्पेटखालून, सीटखालून गेलेली असते. फ्यूज वारंवार उडत असेल तर पत्र्याच्या कडेला तार कुठे सोलली आहे का, ॲम्प्लिफायरला झेपणार नाही इतके कमी ओहम जोडले आहेत का, ते फिटरकडून तपासून घ्या. तुमच्या 8 गेज जाडीच्या तारेवर कोणी 100 अँपिअरचा फ्यूज लावून दिला असेल, तर तो आजच बदला.